रुपया काळा होता

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. गावी आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवासमोरसुद्धा नाही. त्याला तर ठाऊकच आहे, असं म्हणून मी त्यालाही टाळत आले.

आमच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे खरं तर दुसराच लेख मागितला होता. ‘शोभाताई, तडकलेल्या डबीतलं नाणं घ्यावं की नाही, यावर दोन पानं लिहून द्या. तुमच्यासारखी नजर रायपुरात दुसऱ्या कोणाची नाही.’ मी हो म्हटलं. वही उघडली, पहिलं वाक्य लिहिलं — ‘उघडून पुन्हा चिकटवलेली डबी ओळखायची असेल तर तिच्या कडेला आतून पांढरं धुकं आलं आहे का, ते पाहावं.’ आणि हात थांबला. हे मला कोणी शिकवलं? ते धुकं मी पहिल्यांदा कुठं पाहिलं?

त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय दुसरं वाक्य लिहिताच येईना. चार दिवस वही तशीच पडून होती. आता ठरवलं आहे. लेख हाच.

मी वर्धेकडची. आठवीत असताना बाप गेला आणि शाळा सुटली. सुटली म्हणजे काय, मी सोडली; पाठची दोघं शिकावीत म्हणून. बाविसाव्या वर्षी रायपूरला आले ती देशकर काकांकडे. काका रेल्वेच्या हापिसातून रिटायर झालेले, मूळचे आमच्याच भागातले. काकूंना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती. त्यांचं करायला घरचं माणूस हवं होतं. माझ्या मावशीनं माझं नाव सुचवलं. पुरानी बस्तीतलं ते दोन खोल्यांचं घर, मागं देवळाची घंटा, पुढं अरुंद गल्ली — मला कोणी महाल दिला असता तरी इतकं वाटलं नसतं. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘तू कामाले नाही आली पोरी, घरी आली.’ हे वाक्य मी किती वर्षं उशाला घेऊन झोपले असेन!

आणि तरी भीती जात नव्हती. गॅसची चावी बंद आहे का ते मी तीनदा पाहायची. काकू डाव्या हातानं खुणावून हसायच्या, तुटक तुटक म्हणायच्या, ‘किती पाह्यतं वं… बंद हाये.’ मला वाटायचं, एक चूक झाली की हे मला परत पाठवतील. कोणी तसं कधी म्हटलं नव्हतं. पण ज्याला आयतं काही मिळतं ना, त्याला ते काढून घेतलं जाईल असं सारखं वाटत राहतं. असो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मी तेव्हा कशी होते, तेवढं कळावं म्हणून.

काकांना नाण्यांचा नाद होता. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तसे कुठकुठले साहेब लोक इथं राहायला आले. त्यांच्यातल्या काहींना हाच नाद होता. शंकर नगरात एकाच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी सगळे जमायचे. तिथं काकांनी पहिल्यांदा ती डबी पाहिली. नाणं दूर कुठंतरी पाठवतात, तिथले जाणकार ते तपासतात, सत्तरपैकी आकडा देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद करून वर चिठ्ठी लावतात. डबी उघडली की आकड्याला काही अर्थ उरत नाही. काकांच्या पेन्शनीत अशा डब्या कुठून बसणार? पण डबी तडकलेली असेल, ओरखडलेली असेल, तर लोक बिचकतात. आत नाणं तेच असतं आणि भाव उतरतो. काका म्हणायचे, ‘फुटक्या घरात चांगली माणसं राहत नाहीत का वं?’ त्यांना अशाच डब्या परवडायच्या. त्या मिळायच्या गोल बाजारात, देवांगन भैयांकडे.

देवांगन भैयांची जागा म्हणजे बांगड्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांच्या मधली एक फट. पुढं काचेची पेटी, मागं ते स्वतः, मांडी घालून. त्यांचे वडील खेड्यापाड्यांतल्या बायकांसाठी चांदीचे रुपये ओवून माळा करायचे. भैयांच्या हातात रुपया आला की ते आधी तो अंगठ्यानं तोलायचे, मग बोलायचे. आणि बोलायची त्यांची एक रीत होती, वडिलांपासून आलेली. मालात खोट असेल तर ती ते स्वतः तीनदा मोठ्यानं सांगायचे. चौथ्यांदा गिऱ्हाइकानं ती स्वतःच्या तोंडानं म्हणायची. तोवर सौदा नाही. घाईतली गिऱ्हाइकं वैतागायची. ‘अरे भाई, सुन लिया ना!’ भैया शांतपणे म्हणायचे, ‘सुना आपने. बोला नहीं.’

ज्या डबीची ही गोष्ट आहे ती आम्ही दसऱ्याच्या आधी घेतली. आम्ही म्हणजे काकांनी. मी सोबत होते. राणीछाप रुपया. चिठ्ठीवर आकडा त्रेसष्ट. काकांच्या हातात इतका मोठा आकडा कधी आला नव्हता. डबीच्या खालच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. भैयांनी डबी ट्यूबलाइटखाली धरली.

‘डिब्बी में बाल है. कोने में बाल है. काका, देख लो, बाल है.’

काकांना तेव्हा पुरतं टक्कल पडलेलं. ते डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, ‘चला, दोघांपैकी एकाले तरी बाल हाये!’ शेजारचा बांगडीवालाही हसला. भैया नाही हसले. ‘हव काका, मगर बोलिए.’ मग काकांनी म्हटलं, ‘बाल है.’

काकांनी चीर आणि आकडा एवढंच पाहिलं होतं; ते पाठ फिरवून पैसे मोजत असताना भैयांनी डबी माझ्याकडे दिली. ‘दीदी, आप भी देख लो. सिक्का कैसा है?’ मी पाहिलं. रुपया काळा होता. म्हणजे नुसता काळा नाही — मधे धुरासारखा, आणि कडेला कडेला निळा, मोराच्या गळ्यासारखा. मला वाटलं, एवढा महाग रुपया आणि असा मळका? मी तसं म्हटलंही. भैया म्हणाले, ‘मैल नहीं है दीदी. ये सिक्के की उमर है. इसको कभी पोंछना नहीं. पोंछा तो उमर गई.’ आणि त्यांनी ते माझ्याकडून वदवून घेतलं. मी माझ्या तोंडानं, भर बाजारात म्हटलं — ‘सिक्का काला है. उमर है. पोंछना नहीं.’

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते ठेवलं होतं, हीच तर सगळी गोष्ट आहे.

दिवाळी आली. काकूंचं दुखणं वाढलं होतं. लक्ष्मीपूजनाला त्या दरवर्षी आपला माहेरचा चांदीचा रुपया ताटात ठेवायच्या, चिंचेनं घासून, लख्ख करून. तो रुपया बँकेच्या लॉकरमध्ये होता आणि त्या वर्षी दवाखान्याच्या धावपळीत काढून आणायचा राहिला. दुपारी बँक बंद. काका म्हणाले, ‘दहाचं नाणं ठेव, लक्ष्मी काय आकडा पाहते?’ आणि झेंडू, लाह्या-बत्तासे आणायला बाजारात गेले. काकूंनी तोंड भिंतीकडं केलं. डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर. ‘आता… शेवटची… वं…’ एवढंच म्हणाल्या. शेवटची दिवाळी. ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

टेबलाच्या खणात ती डबी होती.

मी अडकित्ता घेतला. चीर होतीच; पातं आत सरकवून दाबलं तर कट् आवाज झाला आणि डबी शिंपल्यासारखी उघडली. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. रुपया हातात घेतला. काळा. असा काळा रुपया काकूंच्या हातात द्यायचा? आमच्याकडं लक्ष्मीपुढं काळवंडलेली चांदी ठेवत नाहीत. घासल्याशिवाय ती पूजेत येतच नाही, मग घर कितीही गरीब असो.

मला भैयांचं बोलणं आठवलं का? आठवलं. हे मी इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा खोटं बोलत आले, की त्या क्षणी मला काही सुचलंच नाही, मी अडाणी, मला काय कळतं. नाही. मला आठवलं होतं. मी चिंच भिजत घातली, ती भिजेपर्यंत उभी राहिले, आणि तेवढा वेळ मला आठवत होतं. तरी मी घासलं. आधी चिंच, मग चिमूटभर रांगोळी. पाणी काळं झालं. खालून चांदी आली — पांढरी, नवी, जशी आजच पाडली.

काकूंच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मग डाव्या हातानं त्याला हळद लावली, कुंकू लावलं. तोंडाच्या एका बाजूनं हसल्या. ते हसू मी खोडू शकत नाही. ते घडलं आहे. पण त्याच्या आडही मला लपायचं नाही. मी म्हटलं, ‘काकू, काकांना सांगू नका हं.’ त्यांनी मान हलवली. आम्हा दोघींची चोरी.

काका यायच्या आत मी रुपया पुसला, डबीत बसवला, चपला चिकटवायला आणलेलं सोल्युशन कडेनं लावलं आणि डबी खलबत्त्याखाली दाबून ठेवली. वाळल्यावर पाहिलं तर कडेला आतून धुकं आलं होतं. पांढरं, फुंकर घातल्यासारखं. मला वाटलं, जाईल. ते कधीच जात नाही.

संध्याकाळी ताटात दहाचं नाणं होतं आणि काकू प्रसन्न होत्या. काकांना वाटलं, समजूत पटली.

मेळाव्याचा पुढचा रविवार आला. डबी आणून ठेवल्यापासून, काकूंच्या आजारपणात, काकांनी खण उघडलाच नव्हता. त्यांनी डबी काढली ती थेट कापडी पिशवीत टाकली, आणि आम्ही शंकर नगरला गेलो. शेजारच्या ताई काकूंपाशी बसल्या होत्या. रिक्षात काका मला म्हणाले, ‘आज पाह्य, त्रेसष्ट पाहून कसे गप्प होतात ते!’ तेव्हा सांगता आलं असतं. रिक्षात आम्ही दोघंच होतो. सांगता आलं असतं ना?

तिथं पंधरा-वीस लोक होते. देवांगन भैयाही होते. ते नेहमी दाराजवळ बसायचे. काकांनी डबी काढून टेबलावर ठेवली, आणि ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला. पांढराशुभ्र रुपया. एका साहेबांनी डबी उचलली. कडा पाहिल्या, भिंग लावलं, आणि म्हणाले, ‘ही उघडलेली आहे. चिकटवली आहे. आणि नाणं धुतलेलं आहे. त्रेसष्टचं नाणं काढून घेतलं असणार आणि हे आत घातलं. कोणाकडून घेतलंत?’

काकांनी दाराकडं पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं.

भैया उठून आले. ‘काका, मैंने बाल कहा था. खुली है, ऐसा नहीं कहा था. खुली होती तो कहता.’ कोणीतरी मागून म्हणालं, ‘हां हां, तीन बार कहता!’ आणि लोक हसले. त्यांच्या वडिलांच्या रीतीवर हसले. भैयांनी डबी हातात घेतली, स्वतःचं भिंग लावलं आणि पाहत राहिले. खूप वेळ. मला वाटलं, ते कडा पाहत आहेत. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही.

‘दीदी, आप उस दिन थीं. सिक्का कैसा था?’

आठवी सोडलेल्या, घरकाम करणाऱ्या बाईला त्या साहेबांच्या मेळाव्यात पहिल्यांदा कोणी काही विचारलं होतं.

मी म्हटलं, ‘मुझे याद नहीं.’

‘दीदी, आपने हाथ में लिया था. सिक्का कैसा था?’

‘याद नहीं, भैया.’

तिसऱ्यांदा त्यांनी अगदी हळू विचारलं, जसं लहान लेकराला विचारतात. ‘शोभा दीदी, सिक्का कैसा था?’

मी नाही अशी मान हलवली.

ते ‘हव’ म्हणाले. बस, एवढंच. हव — बरं. आणि आपल्या चपला घालून गेले. काका सगळ्यांसमोर म्हणाले की आजपासून ह्या माणसाशी माझा व्यवहार बंद. पंधरा-वीस जण ऐकत होते. गाव लहान, नाद त्याहून लहान. आठवड्याभरात रायपुरात असा कोणी नाणीवाला राहिला नाही, ज्याला ती बातमी कळली नव्हती.

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल बिचारी. हो, घाबरले. पण थांबा, अजून झालेलं नाही. इथवरचं मी कदाचित कधीतरी कोणालातरी सांगितलंही असतं. पुढचं नसतं सांगितलं.

घरी येऊन काका काकूंच्या खाटेपाशी बसले आणि तळमळून सगळं सांगू लागले — त्यानं मला फसवलं, तीनदा बोलायचं ते ढोंग होतं, माणूस ओळखता आला नाही मले. काकू ऐकत होत्या. त्यांचे डोळे मोठे झाले. डावा हात उचलून त्या माझ्याकडं दाखवायला लागल्या. आरोप म्हणून नाही. तू सांग, असं. मी बोलेना तसं त्या स्वतः जोर लावून बोलायला लागल्या — ‘रु… रु… मी… कुं…’ काका जवळ वाकले. ‘काय म्हणून राहिली वं?’

मी पेला आणि चमचा घेतला. ‘तहान लागली त्यांना,’ म्हटलं, आणि काकूंच्या तोंडात पाणी घातलं. त्या बोलायला गेल्या की पाणी. पुन्हा तोंड उघडलं की पाणी. चार चमचे, पाच चमचे. गालावरून ओघळलं ते पदरानं पुसलं. ‘थकल्या आहेत काका, झोपू द्या.’ काका म्हणाले, ‘तुझ्यासारखं कोण करते वं पोरी,’ आणि उठले. काकूंनी डोळे मिटले. त्यांना तहान नव्हती.

पौषात काकू गेल्या. तोवर त्यांनी माझ्याकडं पुन्हा कधी तसा हात केला नाही. माझ्या हातचं पाणी मात्र पीत राहिल्या. न पिऊन करतील काय?

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी भैया घरी आले होते, हेही सांगायला हवं. काकांचे पैसे त्यांनी ओट्यावर ठेवले. काकांनी डबी पुढं केली, तर त्यांनी घेतली नाही. म्हणाले, ‘सिक्का घर में ही रहने दो काका. लक्ष्मी को लौटाते नहीं.’ काका आत येऊन म्हणाले, ‘पाह्य, चोराची ऐट!’ मला त्या बोलण्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. आपण सुटलो, एवढंच वाटलं.

काकूंच्या मागं काकांनी मला शिकवायला घेतलं. इंग्रजी अक्षरं मी त्या चिठ्ठ्यांवरच शिकले. आणि डबी कशी पाहायची ते शिकवायला काका काय काढायचे? तीच. ‘हे पाह्य, उघडलेली डबी अशी दिसते. हे धुकं पाह्य. कोपरा पाह्य, पातं घातल्याची खूण आहे.’ मी मान हलवायची. माझ्या अडकित्त्याची खूण मी माझ्या गुरूकडून शिकत होते. लवकर शिकले. का नाही शिकणार? लोक म्हणू लागले, ह्या बाईची नजर काही वेगळीच आहे. मेळाव्यात माझ्यासाठी खुर्ची ठेवू लागले. आज कोणाला संशयाची डबी घ्यायची असली की आधी मला दाखवतात, आणि माझं पोट त्याच्यावर चालतं. काका गेले तेव्हा ती डबी माझ्याकडं आली. ‘ठेव,’ म्हणाले, ‘माणसं कशी फसवतात त्याची आठवण म्हणून.’

ती माझ्याकडं आल्यावर एका सकाळी, का कोण जाणे, मी तिच्या कडा सोडून पहिल्यांदा आत पाहिलं. मोठं भिंग लावून. राणीच्या मुकुटाच्या नक्षीत, एका खाचेत, लाल कण होता. तिळाच्या टोकाएवढा. मी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. कुंकू होतं. काकूंच्या हातचं.

आणि मग कळलं की त्या दिवशी भैया इतका वेळ काय पाहत होते. बाकीच्यांनी कडा पाहिल्या. त्यांनी आत पाहिलं. त्यांना दिसलं होतं — हा रुपया दुकानातून गेल्यावर काकांच्याच घरी पूजेला लागला आहे. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. ‘ये देखो, कुमकुम.’ पण त्यांनी दुसऱ्याची खोट स्वतः सांगितली नाही. त्यांची रीत वेगळी. ज्याची खोट त्याच्या तोंडून यायला हवी. म्हणून तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं, तेव्हा हव म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, लक्ष्मीला परत करत नाहीत.

हे कळूनही मला चार वर्षं झाली. चार वर्षं मी तरी काय केलं? दर दिवाळीला गोल बाजारात जाते. ती फट अजून आहे. काचेच्या पेटीत आता नाणी नाहीत. करगोटे, गोंडे, लाल-काळे दोरे. मी एक करगोटा घेते, लागत नसला तरी. घरी त्यांचा ढीग झाला आहे. ते विचारतात, ‘कैसी हो दीदी?’ आणि दोरा देण्याआधी ताणून दाखवतात, ‘यहाँ थोड़ा कच्चा है. थोड़ा कच्चा है दीदी. देख लो, कच्चा है.’ दोऱ्यालाही तीनदा. मी म्हणते, ‘कच्चा है.’ मग देतात.

एवढं मला त्यांच्यासमोर म्हणता येतं. कच्चा आहे, हे दोऱ्याबद्दल.

तर आता ठरवलं आहे ते असं. हा अंक छापून तुमच्या हातात पडेल त्याच्या आदल्या रविवारी मी शंकर नगरच्या मेळाव्यात ती डबी टेबलावर ठेवणार आहे. त्याच्याही आधी, सकाळी, गोल बाजारात जाणार आहे. माफी मागणार नाही. मागितली की ते देतील, तसेच आहेत ते. मग तेही देणं त्यांच्याच खात्यातून गेलं. लोक यापुढं मला डबी दाखवतील की नाही ते त्यांनी ठरवावं. मंडळानं माझं नाव काढून हा मजकूर छापू नये, नावासकट छापावा. काकू नाहीत, काका नाहीत. त्यांना सांगायची वेळ मी घालवली, ती गेली.

भैयांनी तीनदा विचारलं होतं. उत्तरं तीन राहिली आहेत. त्यांच्या पेटीसमोर उभी राहून, भर बाजारात, शेजारचा बांगडीवाला ऐकत असताना जे म्हणणार आहे ते इथं आधी लिहून ठेवते, म्हणजे पाय मागं घ्यायला जागा उरणार नाही.

सिक्का काला था, भैया.

काला था, किनारे पर नीला था. मैंने घिसा.

सिक्का काला था. मुझे याद था.